चुंबळीत लहर मावत नाही
हातभर अँटेना आणि रेंज मात्र टॉवरची, असं कुणी विकायला आलं तर पैसे काढण्याआधी थोडं गणित करून बघा.

घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना आठवत असेल. कीपॅडवाल्या मोबाइलच्या काळात बसस्टँडवर, रेल्वेच्या डब्यात एक सोनेरी स्टिकर विकायला यायचं. बॅटरीखाली चिकटवा, नेटवर्क वाढलंच समजा! लोक घ्यायचे, चिकटवायचे आणि दोन दिवस खरंच वाटायचं की कांडी एकाने वाढली. त्या स्टिकरमध्ये सोनेरी शाईशिवाय कामाचं काहीच नव्हतं.

स्टिकर गेलं, पण त्यामागची हाव काही गेली नाही. रेडिओ वापरणाऱ्या प्रत्येकाला अँटेना लहान हवा असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्याला तो डबीत बसवायचा असतो. हॅम रेडिओचा परवाना काढलेल्याला तो हॉस्टेलच्या खिडकीत लावायचा असतो, वॉर्डनच्या नजरेत न येता. ही गरज खरी आहे, म्हणूनच तिच्या आसपास दावेही खूप फिरतात. त्यातला सगळ्यात देखणा दावा आहे चुंबळीच्या आकाराच्या अँटेनाचा.

चुंबळ माहीत आहे ना? डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात ती कापडाची गोल कडी. तिच्यावर चिंधी गोल गोल गुंडाळलेली असते. आता चिंधीच्या जागी तांब्याची तार आहे अशी कल्पना करा. झाला टोरॉइडल हेलिक्स. गणितवाले या आकाराला टोरस म्हणतात, इंजिनीअर मेदूवडा म्हणतात. पण गुंडाळीसकट तंतोतंत जुळणारी वस्तू आपल्याकडे चुंबळच आहे.

हा अँटेना काय करू शकतो आणि काय नाही, हे कळायला एका साध्या गोष्टीपासून सुरुवात करू.

नागपूर ते आमगाव

आमगावच्या घरांमध्ये वर्षानुवर्षं आकाशवाणी नागपूर लागायचं, ५८५ किलोहर्ट्झवर. हे केंद्र १९४८ साली सुरू झालं. नागपूर आपल्यापासून सरळ रेषेत एकशे पस्तीस-चाळीस किलोमीटर, मध्ये भंडारा, वैनगंगा, जंगल, धानाची बांधी. तरी भरदिवसा आवाज स्वच्छ यायचा.

प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर. त्याला ५८५ किलोहर्ट्झने भागा. एका लहरीची लांबी येते सुमारे ५१२ मीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर! उभा अँटेना नीट काम करायला लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा उंच असलेला बरा, म्हणजे इथे १२८ मीटर. मध्यम लहरींवरच्या केंद्रांचे मनोरे शंभर मीटरच्या घरात का जातात, ते आता लक्षात येईल. त्या मनोऱ्यावर अँटेना बसवलेला नसतो, मनोरा स्वतःच अँटेना असतो.

आणि तीच लहर पकडणारा घरातला ट्रान्झिस्टर? त्याच्या पोटात काळ्या फेराइटची बोटभर जाडीची कांडी आणि तिच्यावर तारेचे काही वेढे. इतकंच. तिकडे मनोरा, इकडे कांडी. मग लहान अँटेना चालतोच की! ट्रान्झिस्टरला चालतो तर आपल्याला का नाही?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. घेणं आणि पाठवणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

रेडिओ लावून बसलात आणि ज्येष्ठातली वीज दूर कुठे सालेकशाकडे कडाडली, की स्पीकरमधून खर्रर्र येतं. ठिणगी कुठेही उडाली, जवळची मोटर असो की स्विच, ती मध्यम लहरींवर ऐकू येते. म्हणजे या पट्ट्यात हवा आधीच गोंगाटाने भरलेली असते. अँटेना लहान आणि निकामी असला, तर त्यात नागपूरचा आवाज दहा हजारपट कमी येईल, पण विजेची खरखरही तेवढीच कमी येईल. दोघांचं प्रमाण तेच राहतं. मग ॲम्प्लिफायरने दोन्ही वाढवा, गाणं जसंच्या तसं ऐकू येईल. रेडिओच्या स्वतःच्या सर्किटचा गोंगाट मध्ये येईपर्यंत ही सूट मिळते.

पाठवणाऱ्याला ही सूट नाही. त्याच्या अँटेनाने दहा हजारातला एकच भाग हवेत सोडला, तर उरलेले ९,९९९ भाग तारेत उष्णता होऊन जातात. ते परत मिळवून देणारा ॲम्प्लिफायर जगात नाही. म्हणून कुणी म्हणालं की 'या छोट्या अँटेनावर स्टेशन मस्त लागतं', तर मान डोलवा आणि विचारा, 'पाठवतो किती?'

वेढे घातले, पुढे काय?

चुंबळ अँटेनाची गोष्ट अमेरिकेतली आहे. जेम्स कोरम यांना टोरॉइडल अँटेनाचं पेटंट १९८६ मध्ये मिळालं. त्यानंतर कर्ट व्हॅन व्हूरिस यांच्या नावावर १९९५ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचं पेटंट आलं. त्यात एकाऐवजी दोन तारा होत्या, चुंबळीवर एकमेकींच्या उलट दिशेने गुंडाळलेल्या. कल्पना खरंच हुशार होती, तिची टिंगल करायचं कारण नाही.

कल्पना अशी. चुंबळीवर वेढे घालून प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र चुंबळीच्या आत गोल गोल फिरतं. भौतिकशास्त्रात एक सुंदर सममिती आहे : विजेचा प्रवाह कडीत फिरला की ती कडी लहानशा चुंबकासारखी वागते. याच्या उलट, चुंबकीय क्षेत्र कडीत फिरवलं, तर ती कडी चुंबळीच्या मधोमध उभ्या केलेल्या विजेच्या दांडीसारखी वागते. म्हणजे मनोरा न उभारता मनोऱ्यासारखी लहर! जमिनीवर पसरलेली चपटी चुंबळ आणि काम मनोऱ्याचं. शिवाय वेढ्यांमुळे लहर तारेवरून मंद सरकते, त्यामुळे छोट्या आकारातही अँटेना ट्यून होतो, रेझोनन्सला येतो.

कागदावर यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. घोटाळा 'किती' या शब्दात आहे.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमधला एखादा पॉवर सप्लाय उघडून बघा. आत बहुधा एक चुंबळीसारखी कॉइल सापडेल. इंजिनीअर मुद्दाम हाच आकार का घेतात? कारण याच्यातलं क्षेत्र आतच राहतं, बाहेर सांडत नाही आणि शेजारच्या सर्किटला त्रास होत नाही. चुंबळीची सगळी ख्याती याच गुणासाठी आहे. आणि आपण तिला अँटेना करायला निघालोय! क्षेत्र कोंडून ठेवण्यासाठी निवडलेला आकार आपल्याला क्षेत्र बाहेर फेकायला हवा आहे. घागर म्हणून चांगली, चाळण म्हणून कशी चालेल?

आता आकडे. अँटेनाची पाठवायची ताकद मोजायला 'विकिरण रोध' नावाची एक राशी वापरतात. जितके ओहम जास्त, तितकी वीज लहर होऊन बाहेर पडते. तारेचा आपला रोध वेगळा, तो फक्त गरम करतो. या दोघांच्या भांडणात कोण जिंकतं यावर कार्यक्षमता ठरते.

अँटेनाचा आकार तोच ठेवून लहर दुप्पट लांब केली, तर छोट्या दांडीचा विकिरण रोध चौथ्या हिश्श्यावर येतो. छोट्या कडीचा सोळाव्या हिश्श्यावर. आणि चुंबळीचा थेट चौसष्टाव्या हिश्श्यावर. दांडीत वर्ग, कडीत चौथा घात, चुंबळीत सहावा घात. अँटेना लहरीपेक्षा लहान होत जातो तशी ही तिघं कड्यावरून खाली येतात, पण चुंबळ सगळ्यात जोरात आपटते.

एक उदाहरण घेऊ. हॅम रेडिओवाल्यांचा लाडका ४० मीटरचा पट्टा, ७.१ मेगाहर्ट्झ. मीटरभर व्यासाची चुंबळ, तिची जाडी २० सेंटीमीटर. तिच्यावर २ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या दोन तारा उलटसुलट, प्रत्येकीचे २० वेढे. एकूण पंचवीस मीटर तार लागली. तारेभर प्रवाह सारखा आहे असं धरलं, तर विकिरण रोध येतो ओहमच्या एक लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट. आणि तारेचा स्वतःचा रोध? या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तारेच्या कातडीतूनच वाहतो, त्यामुळे तो जवळपास पावणेतीन ओहम येतो. या अँटेनात १०० वॅट सोडले तर चुंबळीच्या करामतीतून हवेत जाईल एक मिलिवॅटपेक्षाही कमी. उरलेले सगळे वॅट तार गरम करायला. थंडीत हात शेकायला ठीक.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. उलटी तार काढून टाकली आणि एकच तार ठेवली, तर प्रवाह वेढे घेत घेत चुंबळीभोवती एक फेरीही मारतो. म्हणजे चुंबळ नकळत एक साधी कडीही असते. तेवढ्या साध्या कडीमुळे १०० वॅटपैकी सुमारे अर्धा वॅट बाहेर पडतो, चुंबळीच्या करामतीपेक्षा कितीतरी शेकडो पट जास्त! उलटी तार घालून आपण नेमकी तीच फेरी रद्द करतो. जे काम करत होतं तेच पुसून टाकलं.

प्रत्यक्षात रेझोनन्सला प्रवाह तारेवर जागोजागी कमी-जास्त असतो आणि आकडे बदलतात. कुणी म्हणेल, तुमची गुंडाळीच चुकली, वेढे वेगळे घाला, फेराइट भरा, तीन तारा घ्या. या म्हणण्याला उत्तर आहे. आणि ते कुठल्याही गुंडाळीवर अवलंबून नाही.

काल्पनिक फुगा

नागपूरचं रेडिओ केंद्र सुरू झालं त्याच वर्षी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एल. जे. चू यांनी एक लेख प्रसिद्ध केला. त्याच्या वर्षभर आधी हॅरल्ड व्हीलर यांनीही लहान अँटेनाच्या मर्यादेवर लिहिलं होतं. पण चू यांची युक्ती भन्नाट होती. ते म्हणाले, अँटेना कसा आहे ते मला सांगूच नका. दांडी, कडी, चुंबळ, जिलेबी, काहीही असो. त्याच्याभोवती एक काल्पनिक फुगा काढा, अख्खा अँटेना आत मावेल एवढा. आता फक्त फुग्याच्या बाहेर काय चाललंय ते बघू.

बाहेर दोन प्रकारची ऊर्जा असते. एक कायमची निघून जाणारी, ती आपली लहर. दुसरी अँटेनाजवळच घुटमळणारी. प्रत्येक आवर्तनात ती बाहेर येते आणि परत आत जाते. एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यात रोज दहा हजार रुपये इकडून तिकडे फिरतात, पण नफा पंचवीस रुपये, तसं. चू यांनी सिद्ध केलं की फुगा लहरीच्या मानाने लहान असेल, तर या घुटमळणाऱ्या ऊर्जेचं निघून जाणाऱ्या ऊर्जेशी प्रमाण एका ठरावीक आकड्याखाली येऊच शकत नाही. फुगा अर्धा करा, तो आकडा जवळपास आठपट होतो. आत कितीही डोकं लावा, बाहेरचा हिशोब बदलत नाही.

या प्रमाणाला क्यू म्हणतात. तो मोठा झाला की त्याची किंमत बँडविड्थमध्ये मोजावी लागते. अँटेना एकाच फ्रिक्वेन्सीला अडकून बसतो, जरा इकडे-तिकडे सरकला की बंद. आपल्या मीटरभर फुग्याला ७.१ मेगाहर्ट्झवर क्यू कमीत कमी २,४००च्या वर येतो. म्हणजे एकही वॅट वाया न घालवणारा आदर्श अँटेना या फुग्यात बनवलाच, तरी त्याची स्वतःची बँडविड्थ असेल सुमारे ३ किलोहर्ट्झ. माणसाचं बोलणं जेमतेम मावेल एवढी. आणि भारतात हा पट्टा ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झ असा २०० किलोहर्ट्झचा आहे!

यातून सुटायला एक पळवाट आहे आणि दावे करणारे बहुतेक तिच्यातूनच निसटतात. अँटेनामध्ये रोध वाढवा, वीज जाळा. क्यू खाली येतो, बँडविड्थ वाढते, मीटरवर सगळं छान दिसतं. फक्त लहर निघत नाही. लहान आकार, चांगली बँडविड्थ, चांगली कार्यक्षमता या तिघांपैकी दोन मिळतील. तिन्ही देतो म्हणणारा चू यांच्याशी भांडतोय, आणि त्या भांडणात १९४८पासून कुणी जिंकलेलं नाही. सूत्र पुढे अनेकांनी तपासलं, नेमकं केलं. मूळ मर्यादा जागची हललेली नाही.

एक गोष्ट मला इथे आवडते. पेटंट मिळालं म्हणजे वस्तू चालते, असं नसतं. पेटंट नवेपणाला मिळतं, कामगिरीच्या मार्कांना नाही. इंजिनीअरिंगच्या पोरांनी तरी 'पेटंटेड टेक्नॉलॉजी' हे शब्द वाचून विरघळू नये.

मग लोकांचा संपर्क होतो तो कसा?

हा प्रश्न रास्त आहे. चुंबळ लावून बोललेली माणसं आहेत आणि ती खोटं बोलत नाहीत.

पहिलं कारण, केबल. अँटेनापर्यंत जाणाऱ्या कोॲक्स केबलच्या बाहेरच्या जाळीवरून प्रवाह परत वाहायला लागतो, आणि पंधरा-वीस मीटर केबल स्वतःच अँटेना होते. श्रेय चुंबळीला, मेहनत केबलची. खरं बघायचं असेल तर चुंबळीजवळ केबलवर फेराइटचे मणी ओवून तो प्रवाह अडवा आणि पुन्हा ऐका.

दुसरं कारण, मीटर. हल्ली नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र बऱ्याच पोरांकडे असतं. त्यावर एसडब्ल्यूआर एकाच्या जवळ दिसला की आनंदीआनंद! पण एसडब्ल्यूआर फक्त एवढंच सांगतो की वीज परत आली नाही. ती हवेत गेली की तारेत जळाली, ते त्याला कळत नाही. ५० ओहमचा साधा रोध केबलच्या टोकाला लावा, ज्याला डमी लोड म्हणतात. एसडब्ल्यूआर अगदी आदर्श येईल. त्या डमी लोडवरून रायपूरशी बोलून दाखवा!

तिसरं कारण मात्र खरंच भारी आहे. नोबेल मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर नावाची एक पद्धत काढली. संगणक अतिशय हळू, अतिशय क्षीण संदेश पाठवतो आणि दूरचा संगणक तो गोंगाटातून उकरून काढतो. वॅटच्या पाचव्या हिश्श्यात हजारो किलोमीटर संदेश जातो. आयनोस्फियर प्रसन्न असेल तेव्हा मिलिवॅटसुद्धा समुद्र ओलांडतात. म्हणून 'माझं सिग्नल ऑस्ट्रेलियात ऐकलं' यावरून अँटेना चांगला ठरत नाही. त्याच वेळी, त्याच जागी, साधी तार लावली असती तर किती ऐकू आलं असतं, ही तुलना केली तरच काही अर्थ.

लहान हवाच असेल तर

जागाच नाही, अशी वेळ येते. त्यांच्यासाठी प्रामाणिक तडजोड म्हणजे साधी कडी. २२ मिलिमीटर जाडीची तांब्याची नळी वाकवून मीटरभर व्यासाची एक कडी करा, टोकांमध्ये बदलता कपॅसिटर. एकही वेढा नाही. त्याच ७.१ मेगाहर्ट्झवर हिच्यातून १०० वॅटपैकी सुमारे १६ वॅट हवेत जातात. चुंबळीचा मिलिवॅट आठवा. फरक एवढाच की इथे धातू जाड आहे, लांबी कमी आहे आणि क्षेत्र कोंडलेलं नाही.

किंमत इथेही मोजावी लागतेच. फ्रिक्वेन्सी जराशी बदलली की कपॅसिटर फिरवायचा. आणि १०० वॅटला त्या कपॅसिटरवर पाच हजार व्होल्टपेक्षा जास्त चढतात, कडीत पन्नासेक अँपिअर धावतात. त्यामुळे खिडकीतली ही निरुपद्रवी दिसणारी कडी रूम पार्टनरच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. गंमत नाही, भाजतं.

काही ठिकाणी मात्र लहानपणाला पर्यायच नसतो. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण बघा. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडल्या, गळ्यात रेडिओ कॉलर घालून. अशा कॉलरमधला व्हीएचएफ ट्रान्समीटर १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो असं धरा. लहर २ मीटरची, चौथा हिस्सा ५० सेंटीमीटर. वाघाच्या मानेच्या घेराएवढीच लांबी म्हणायची, त्यामुळे तार पट्ट्यासोबत वळवून बसवता येते. पण तार गळ्याला चिकटलेली, आणि वाघ म्हणजे लहरीच्या दृष्टीने खारट पाण्याचं मोठं पिंप. बरीच शक्ती तिथेच मुरते. बॅटरी महिनोन् महिने पुरवायची म्हणून ताकदही जपून वापरायची. म्हणून वनरक्षकाच्या हातात टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखा मोठा यागी असतो आणि तो घेऊन त्याला उंचवट्यावर चढावं लागतं. वाघाच्या बाजूला जी उणीव आहे, ती माणसाच्या बाजूला भरून काढायची.

पक्ष्यांचं गणित याहून अवघड. पाठीवर लावायच्या टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची पद्धत आहे. सहा-सात किलोच्या सारसाला दोनशे ग्रॅम चालतील, पण वीस ग्रॅमच्या चिमण्या पक्ष्याला अर्धा ग्रॅम. चिप लहान झाली, बॅटरी लहान झाली, सगळं नखाएवढं झालं. पण फोटो नीट बघा, त्या टॅगमधून शेपटीसारखी एक बारीक तार मागे लोंबत असते. ती काढून चुंबळ बसवणं कुणाला जमलेलं नाही. पक्षी ती तार मिरवत उडतो.

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनाही याच भिंतीशी जुळवून घ्यावं लागलं असणार. त्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ मधून अवकाशात गेला. दहा सेंटीमीटर बाजूचा ठोकळा, वजन एक किलोच्या आत. असे चिमुकले उपग्रह बऱ्याचदा ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. तिथे लहरीचा चौथा हिस्सा १७ सेंटीमीटर येतो. ठोकळा १० चा, अँटेना १७ चा. जगभर यावर तोडगा निघाला तो सुताराच्या टेपासारखा : लवचिक पोलादी पट्टी गुंडाळून बांधून ठेवायची आणि कक्षेत पोचल्यावर दोरी जाळून ती सट्कन उघडू द्यायची. अँटेना लहान केला नाही, घडी घातली. या दोन गोष्टींत फार फरक आहे.

आणि तुमच्या खिशातला फोन? त्याचा अँटेना तर दिसतच नाही! तिथेही जादू नाही. ९०० मेगाहर्ट्झला लहरीचा चौथा हिस्सा ८ सेंटीमीटरच्या आसपास, १,८०० ला ४ सेंटीमीटर. फोन पंधरा सेंटीमीटरचा. म्हणजे या लहरींच्या मानाने फोन लहान नाहीच, आणि त्याची धातूची चौकट अँटेनाचा भाग म्हणून वापरलेली असते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात मिलिमीटरच्या मापाच्या लहरी वापरल्या, म्हणून त्यांचे शिंगासारखे अँटेना टेबलावर मावले. लहर लहान केली की अँटेना लहान होतो. लहर तीच ठेवून फक्त अँटेना लहान करायला गेलं की चू यांचा फुगा आडवा येतो.

प्रोजेक्टमध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं लोरा मॉड्यूल वापरून बांधीतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सोबत येणारी स्प्रिंग काढून साडेआठ सेंटीमीटरची सरळ तार लावा, खाली बोर्डाची जमीन मोठी ठेवा आणि डबी चिखलापासून माणूसभर उंच बांधा. मग दोन्ही प्रकारांनी आरएसएसआय मोजून वहीत लिहा. एवढ्यावर सेमिनारचा एक चांगला भाग होतो.

हॅमवाल्यांना तर आमगावात वेगळीच श्रीमंती आहे. मुंबई-पुण्यातला पोरगा फ्लॅटच्या बाल्कनीत मीटरभर कडी घेऊन बसतो कारण त्याला इलाज नाही. आपल्याकडे अंगण आहे, वाडी आहे, दोन उंच झाडं आहेत. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलला लागते एकूण वीस मीटर साधी तार, मधोमध कापलेली, दोन्ही टोकांना दोरी, मध्यावर केबल. उंची दहा मीटर मिळाली तर उत्तमच, सहा-सात मिळाली तरी बोलणं होतं. विजेच्या तारा आणि रेल्वेची २५ हजार व्होल्टची लाइन यांच्यापासून भरपूर लांब राहा. आभाळ भरून आलं की केबल रेडिओतून काढून घराबाहेर टाका. परवाना हातात येईपर्यंत नुसतं ऐका, संध्याकाळी सहानंतर ७,१०० च्या आसपास.